बारदान किती कापलं?

'सर्नवाल्यांनी संगणकावर हवी तशी पार्श्वभूमी तयार केली, ती मोजमापातून वजा केली आणि उरलं त्याला हिग्ज बोसॉन म्हटलं.' हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा, हिग्ज बोसॉन हा तिथे सापडलेला मूलकण, आणि पार्श्वभूमी म्हणजे हिग्जविनाही घडणाऱ्या, तशाच दिसणाऱ्या घटना. बाजार समितीत बारदानाचं वजन कापताना शेतकऱ्याला येते तीच ही शंका. शंका रास्त आहे, आरोप खोटा आहे.

'पार्श्वभूमी संगणकाची.' ४ जुलै २०१२ ला जाहीर झालेल्या शोधात हिग्ज दोन फोटॉनमध्ये (प्रकाशकणांत) फुटतो तो मार्ग महत्त्वाचा होता आणि तिथे तरी तसं नव्हतं. हिग्जविना निघणाऱ्या जोड्या कितीतरी जास्त. त्यातले काही फोटॉन तर तोतये. जेटमधल्या, म्हणजे कणांच्या झोतातल्या, पायॉन नावाच्या कणापासून निघालेले दोन फोटॉन इतके चिकटून येतात की एकच भासतात. हे तोतये किती, याबाबत सिम्युलेशनवर (संगणकावरच्या नकलेवर) कोणी विसंबत नाही. जोडीच्या वस्तुमानाचा आलेख हिग्ज नसेल तर सलग उतरत जातो. सर्नच्या अॅटलास प्रयोगाने १०० ते १६० जीईव्हीपर्यंतचा (जीईव्ही हे कणांचं वस्तुमान सांगायचं एकक) हा उतार डेटावरूनच बसवला. उंचवटा दिसला १२५ च्या आसपास. हिग्जपासून चार लेप्टॉन (इलेक्ट्रॉन किंवा त्याचे जड भाऊ म्युऑन) निघतात त्या मार्गात झेड बोसॉन या कणाच्या जोड्यांची पार्श्वभूमी मात्र सिम्युलेशनमधून घेतली, हे मान्य. तिथेही तोतये लेप्टॉन मोजले ते निवडीच्या अटी सैल करून, डेटातूनच.

'पार्श्वभूमीची रेघ सोयीने ओढली.' सर्नच्याच सीएमएस या दुसऱ्या प्रयोगाने २०१२ मध्ये निवडीचे निकष पक्के होईपर्यंत हिग्ज अपेक्षित होता त्या पट्ट्यातला डेटा स्वतःपासूनच झाकून ठेवला होता. दिसतच नाही त्याची सोय कशी बघणार?

'वजाबाकीत काहीतरी उरतंच.' या मुद्द्यात दम आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला चांगलं उदाहरण माहीत नसावं. अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेच्या सीडीएफ गटाला २०११ मध्ये डब्ल्यू बोसॉन हा कण आणि दोन जेटच्या घटनांत १४५ जीईव्हीजवळ उंचवटा दिसला. शेजारच्या डीझिरो गटाला तो दिसेना. पुढे सीडीएफनेच जेटच्या ऊर्जेचं मोजमाप आणि तोतया इलेक्ट्रॉनांचा अंदाज सुधारला, तेव्हा उंचवटा नाहीसा झाला. म्हणजे बारदान खरंच चुकलं होतं! सर्नमधला डिसेंबर २०१५ चा ७५० जीईव्हीचा उंचवटा वेगळा. तिथे रेघ ठीक होती, नुसता योगायोग होता. २०१६ चा डेटा आल्यावर तो विरला. हिग्जचा उंचवटा मात्र दोन स्वतंत्र प्रयोगांत, एकाच वस्तुमानाला आला आणि डेटा वाढला तसा ठळकच होत गेला.

'बाहेरच्याला तपासता येत नाही.' सीएमएसचा २०११ आणि २०१२ चा डेटा सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर फुकट आहे.