"गरोदर बाईला धुराने काही होत नाही" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या नागपुरातल्या बऱ्याच फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, आमच्याही ग्रुपवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की बाई स्वतः ओढत नसेल तर घरातल्या बिडी-सिगरेटने बाळाला काही होत नाही, नवरा गॅलरीत जाऊन ओढतो तर प्रश्नच मिटला, आपल्या आया चुलीच्या धुरात राबल्या तरी आपण धडधाकट, बाळ लहान राहिलं तर डिलिव्हरी सोपी जाते, आणि खर्र्याला (तंबाखू-सुपारी-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाला) तर धूरच नसतो. माझी वहिनी सातव्या महिन्यात आहे, तिने हे वाचून विचारलं, "ताई, मग मी उगाच घाबरते का हो?" उगाच नाही घाबरत ती. म्हणून एकेक घेते.

"स्वतः ओढत नाही ना, मग झालं."

सिगरेटच्या जळत्या टोकाचा धूर फिल्टरमधून जातच नाही, तो सरळ खोलीत पसरतो आणि बाजूला बसलेली बाई तोच श्वासात घेते. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतो, वारेतून (प्लॅसेंटामधून) बाळाकडे जातो आणि बाळाच्या रक्तात आईपेक्षाही जास्त साठतो, म्हणजे ज्याला ऑक्सिजनची सगळ्यात जास्त गरज त्यालाच कमी मिळतो. निकोटिनपण पोचतं. वजन कमी भरतं, बाळ पोटात दगावायचा धोका वाढतो, आणि जन्मानंतरही घरात धूर असला तर झोपेत अचानक बाळ जाण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारी मुख्य डॉक्टरांच्या, २००६ च्या रिपोर्टात सरळ म्हटलंय की दुसऱ्याच्या धुराचं सुरक्षित असं कोणतंच प्रमाण नाही.

आणि बायकांना हे माहीत नसतं यात त्यांचा दोष नाही. पाकिटावर फोटो असतो तो तोंडाच्या कॅन्सरचा, मग बाईला वाटतं हे ओढणाऱ्याचं दुखणं, माझ्या पोटातल्या बाळाचा काय संबंध. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या बायका शंभरात २ निघाल्या, पण घरात दुसऱ्याच्या धुरात राहणारी माणसं शंभरात जवळपास ३९. आता तपासणीला गेल्यावर नुसतं "तुम्ही ओढता का" विचारलं तर बहुतेक जणी नाही म्हणतील आणि विषय संपेल. "घरात कोण ओढतं?" हे विचारायला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय की हे दोन्ही प्रश्न प्रत्येक तपासणीत विचारा.

"गॅलरीत ओढतो, खिडकी उघडी असते."

घरात ओढण्यापेक्षा बरं, एवढंच. नागपूरचा उन्हाळा आठवा, खिडकीत कूलर लावलेला असतो, तो बाहेरचीच हवा ओढून आत फेकतो, आणि त्याच खिडकीजवळ माणूस सिगरेट घेऊन उभा. धूर सरळ पलंगावर. थंडीत सगळं बंद असतं म्हणून अजूनच कोंडतो, शिवाय कपड्यांना, पडद्यांना, गादीला चिकटलेलं निकोटिन राहतंच. बिडीवाल्यांनीही "आमची तर पानाची, नैसर्गिक" म्हणू नये, तेंदूपत्त्याच्या बिडीत निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा जास्त निघतात.

"आपल्या आया चुलीपुढे राबल्या."

राबल्या, आणि त्यांची किती बाळं गेली हे कुठल्याही आजीला विचारा. १९७१ मध्ये देशात हजारातली १२९ बाळं वर्षाची व्हायच्या आत जायची. सगळी धुरानेच गेली असं मी म्हणत नाही, पण जी गेली ती ग्रुपवर "आम्ही धडधाकट" असा मेसेज टाकायला नाहीत. आणि चुलीचा धूरही बाळाला वाईटच.

"बाळ लहान, डिलिव्हरी सोपी."

हे वाचून मला खरंच राग आला. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं बाळ, त्याला अंगात ऊब धरता येत नाही, नीट ओढून पिता येत नाही, शुगर उतरते, इन्फेक्शन लवकर होतं. इथल्या मेडिकल नाहीतर डागा या सरकारी दवाखान्यांत बाळ काचेच्या पेटीत ठेवलंय आणि आई बाहेर बसली आहे, हे ज्याने पाहिलं तो "सोपी" हा शब्द वापरणार नाही.

"खर्र्याला धूर नसतो."

धूर नसतो, तंबाखू असतो. सुपारी आणि चुन्यासोबत पन्नीत घोटलेला तंबाखू तोंडात धरला की निकोटिन रक्तात उतरतंच, मशेरीचंही तेच. मुंबईत १२१७ बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये छापून आला, त्यात असा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. आपल्याकडे पानठेल्यावरून घरात पुडी येते आणि जेवणानंतर बायकाही चिमूटभर घेतात, त्यांना कोणी काही सांगतच नाही.

मेसेजच्या शेवटी अजून एक आहे, की गरोदर बाईने पाचव्या महिन्यानंतर तंबाखू एकदम सोडला तर बाळाला झटका बसतो. असं काही नाही. कोणत्याही महिन्यात सोडलं तरी फायदा होतो, जितकं लवकर तितका जास्त, आणि कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच रक्तातून उतरतो. घरातला माणूस सोडायला तयार असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन आहे, फोन फुकट लागतो. बाईला स्वतःला सोडायचं असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे न लाजता सांगावं, आणि निकोटिनचं च्युइंगगम किंवा पॅच मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मनानेच सुरू करू नये.