सोफा-कम-बेड धरून १२ जण

काल रात्री घरच्यांच्या सहलीच्या ग्रुपवर खोल्यांचं वाटप झालं आणि माझ्या नावापुढे ‘हॉल’ आलं. व्हिला शोधला मी, मालकाशी घासाघीस केली मी, अनामत रक्कम गेली माझ्या कार्डावरून. आणि झोपायचं कुठे, तर हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात. ‘तुम्हाला काय, कुठेही झोप लागते,’ इति वहिनी.

जाहिरातीत ‘१२ जणांची सोय’ लिहितात, तेव्हा त्या १२ जणांत हा सोफा धरलेला असतो. खोल्या ४, डबल बेड ४, म्हणजे माणसं ८. उरलेल्यांनी सोफा आणि जमिनीवरच्या गाद्या वाटून घ्यायच्या. बाथरूम किती, ते तर खाली बारीक अक्षरात. फोटोंवर जाण्यात अर्थ नाही. वाइड अँगल लेन्सने काढलेल्या फोटोत बाथरूममध्येसुद्धा लग्न लागेल असं वाटतं. पलंगच मोजावे लागतात.

पण ते असो. मला सांगायचंय ते चुलतभावाच्या सासऱ्यांबद्दल. हे गृहस्थ सहलीला येणारच नाहीत. ‘मला जमणार नाही, तुम्ही मजा करा,’ असं त्यांनी सुरुवातीलाच लिहिलं, खाली हात जोडले आणि ग्रुपमध्येच राहिले. सोयऱ्यांना ग्रुपमधून काढणार कोण?

मी ग्रुपवर पहिला व्हिला टाकला. झाडी, तळं, सगळं होतं.

‘जिन्याला कठडा दिसत नाही.’

‘काका, आपल्यातले सगळे धडधाकट आहेत.’

‘आज आहेत.’

यावर पाच जणांनी अंगठा दिला. त्यांना.

दुसरा टाकला. ‘गीझर किती लिटरचा?’ मी निमूटपणे मालकाला फोन लावला आणि ‘२५’ असं कळवलं. ‘म्हणजे दोन-तीन बादल्या. मग परत तापायला अर्धा तास. १२ माणसांच्या आंघोळी संध्याकाळपर्यंत चालतील.’ संताप याचा, की हिशोब बरोबर होता.

तिसरा समुद्रापासून ५०० मीटरवर होता. ‘सरळ रेषेत की रस्त्याने?’ आता नेमका पत्ता बुकिंग झाल्यावरच मिळतो, तोवर नकाशावर नुसतं एक वर्तुळ. तसं मी लिहिलं. ‘वर्तुळात राहायचंय का आपल्याला?’ असं त्यांनी विचारलं. ‘आपल्याला’! मी फोन पालथा घालून ठेवला.

बाकीची मंडळी ‘तू ठरव, आम्हाला काहीही चालेल’वाली. मतदान घेतलं, तर सगळ्यांनी सगळ्याच पर्यायांना मत दिलं. शेवटी मी ठरवल्यावर मात्र एकीला पोहण्याचा तलाव सामायिक असल्याचं वाईट वाटलं, आणि एकाला ‘रात्री १० नंतर संगीत नको’ ही अट जाचक वाटली. जाहिरात मी पाठवली होती तेव्हा ती कुणी उघडलीच नव्हती. वाचत होते ते एकटे काका. वर्गणीचं नाव काढलं की मात्र ग्रुपवर एकदम सामसूम. आणि आता रद्द करावं तर निम्मे पैसे बुडणार, तेही माझेच.

आज सकाळी काकांचा मेसेज आला: ‘चेक-इन दुपारी ३ ला, चेक-आउट सकाळी ११ ला. दोन रात्रींचे पैसे भरून मिळतात ४४ तास. बाकीचे ४ कुठे गेले?’ मी तिरमिरीत त्यांना सरळ मालकाचा नंबर देऊन टाकला. म्हटलं, तो तरी यांना काहीतरी सुनावेल.

दोघं बराच वेळ बोलले. मालकाने चेक-आउट दुपारी १ वर नेलं, जिन्यात दिवा लावून देतो म्हणाला, आणि वर काकांनाही एकदा येऊन जाण्याचा आग्रह केला. ग्रुपवर आभारांचा पूर आलाय. कोणीतरी ‘काका आहेत म्हणून निभावलं’ असंही लिहिलंय. अनामत रकमेबद्दल अजून कुणी चकार शब्द काढलेला नाही.