सायलेन्सर मोकळा केल्यावर पिस्टन सीझ झाल्याच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की आमच्याकडून चेनसॉचा सायलेन्सर मोकळा करून (म्हणजे धुराचं तोंड मोठं करून) घेतला आणि सहाव्या टाकीला पिस्टन सीझ झाला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकला. बेस गॅस्केट (सिलिंडरच्या बुडाखालची पातळ चकती) काढल्यानेच हे झालं, असं तुम्हाला वाटतं. शिवाय पेट्रोल वाचण्याऐवजी उलट जास्त लागलं, हीही तक्रार आहे. सीझ होण्यात चूक आमची आहे. गॅस्केटचा मात्र त्यात हात नाही.

इंजिन उघडलं तेव्हा ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला होते. इनटेककडच्या स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भिंतीवर) कारखान्यातल्या मशीनिंगच्या रेघा जशाच्या तशा दिसतात. पेट्रोलमध्ये ऑइलच नसतं तर ती बाजूही खरडली असती. म्हणजे तुम्ही लिटरला 25 मिली ऑइल घालत होता हे खरंच होतं, आणि काउंटरवर तुम्हाला 'ऑइल कमी पडलं असेल' असं ऐकवलं गेलं, त्याबद्दल माफ करा. इंजिन लीन, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी असताना, चालल्याचं हे लक्षण आहे.

जादा हवा शिरत होती फ्लायव्हीलकडच्या क्रँक सीलमधून (क्रँकशाफ्टभोवतीच्या हवाबंद कड्यातून). काम घेताना आम्ही 0.5 बारला प्रेशर टेस्ट केली, ती पास झाली. व्हॅक्यूम टेस्ट (आतली हवा ओढून गळती पाहणं) केली नाही. इथेच चुकलो. झिजलेल्या सीलची कड आतून दाब आला की शाफ्टवर आवळली जाते आणि व्हॅक्यूममध्ये सुटते. मशीन परत आल्यावर व्हॅक्यूम लावला, तर काटा काही सेकंदांत खाली आला. जुन्या सायलेन्सरवर ही गळती खपून गेली होती. तोंड मोठं केल्यावर मिश्रण तसंही लीनकडे झुकतं. एच स्क्रू (कार्बोरेटरवरचा, फुल थ्रॉटलला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा) उघडून आम्ही जे सावरलं, ते या हवेने घालवलं. थ्रॉटल सोडूनही मशीन किंचाळत राहायचं, असं तुम्ही लिहिलंय, ते याचमुळे. आडवं धरल्यावर आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा वेग) बदलत असेल तरी संशय सीलवरच घ्यावा. अशा वेळी स्क्रूशी खेळू नये, मशीन बंद करावं.

आता गॅस्केट. पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही कडांना सोल्डरची तार दाबून पिस्टनचा माथा आणि सिलिंडरचं छत यांच्यातली फट मोजली होती: 1.05 मिमी. गॅस्केट 0.5 मिमीचं, म्हणजे काढल्यावर 0.55. पिस्टनच्या माथ्यावर किंवा सिलिंडरच्या छतावर आपटल्याची खूण नाही. 0.5 च्या खाली आम्ही जातच नाही. हे आकडे जॉबकार्डवर लिहिले असते, तर तुम्हाला शंका घ्यावी लागली नसती.

पेट्रोलचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. ताकद वाढली की टाकी लवकर संपणारच. बचत झालीच तर कापलेल्या लाकडाच्या हिशोबात, आणि तीही कॉम्प्रेशन वाढल्यामुळे. टू-स्ट्रोकमध्ये थोडं ताजं मिश्रण न जळताच एक्झॉस्टमधून निसटतं. सायलेन्सर कापून ते थांबत नाही. 'ताकदही वाढेल, पेट्रोलही वाचेल' ही ओळ आम्ही बोर्डावरून काढली आहे. एक सांगतो, राग मानू नका: तुमच्या चेनचे डेप्थ गेज (दात लाकडात किती खोल शिरेल ते ठरवणारे, दातापुढचे उंचवटे) दातांच्या जवळजवळ बरोबरीला आले आहेत. फरक 0.65 मिमीच्या आसपास हवा. भुसा पिठासारखा पडतो तो यामुळे, आणि सगळ्यात जास्त पेट्रोल तिथेच जातं. गेज घासून देऊ.

सिलिंडरला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम काढलं, खालचं प्लेटिंग शाबूत आहे. दोन्ही सील, पिस्टन आणि रिंगा आमच्या खर्चाने बसवतोय. मग व्हॅक्यूम टेस्ट, आणि गरम इंजिनवर टॅकोमीटर लावून ट्यूनिंग. लाकडाबाहेर फुल थ्रॉटलला मशीन किंचित गुरगुरेल आणि लाकडात शिरताच आवाज साफ होईल. ती गुरगुर बिघाड समजून एच स्क्रू आवळू नका. तीन टाक्या झाल्या की एकदा आणा, पुन्हा तपासून देतो. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण वाढलं, तर त्याआधीच आणा. त्याच सेटिंगवर मिश्रण आणखी लीन होतं.