शिल्लक 37 रुपये

27 मार्च 2024, बुधवार. संध्याकाळी चुलीवरून भाकरी ताटात पडायला आणि मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर मेसेज पडायला एकच गाठ पडली. 'संयुक्त शाळा अनुदानाची लिमिट आली आहे. 31 मार्चपूर्वी शंभर टक्के खर्च करावा. अखर्चित राहिल्यास जबाबदारी आपली.'

जून ते फेब्रुवारी आम्ही खडूचे तुकडे जपून वापरले. संडासाची कडी सुतळीने बांधली. आणि आता चार दिवसांत शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चाचे 25,000 रुपये उडवायचे! त्यातही शुक्रवारी गुड फ्रायडे आणि 31 तारखेला रविवार. पूर्वी आपल्याकडे सरकारी वर्ष 30 एप्रिलला संपायचं. 1867 साली इंग्रजांनी ते महिनाभर अलीकडे ओढलं. तो महिना मला त्या रात्री फार आठवला.

आमचा पट 38. हे पैसे देणाऱ्या समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेच्या हिशेबात 31 ते 100 मुलांच्या शाळेला 25,000 आणि 30 पर्यंत 10,000. आठ पोरं कमी असती तर माझा ताप निम्म्याहून कमी झाला असता, असा पापी विचार मनात आला. मास्तर म्हणून तो लगेच पुसून टाकला.

'लिमिट आली' म्हणजे पैसे आले, असं बायकोला वाटलं. तसं नसतं. 2021 पासून शाळेच्या खात्यात शिल्लक कायम शून्य. वर कुठेतरी एका मोठ्या खात्यात पैसे असतात आणि आपल्याला फक्त ते खर्चायची मुभा असते. ती 31 तारखेला रात्री बाराला विरघळते. सासऱ्यांनी वाढदिवसाला ताट दाखवून परत नेल्यासारखं.

गुरुवारी तालुक्याला गेलो. रंगाच्या दुकानात माझ्याआधी नऊ मुख्याध्यापक. दुकानदार न विचारताच म्हणाला, "गुरुजी, फिका पिवळा ना? सगळ्यांनी तोच नेलाय." रंगाचं बिल 11,800. त्यातला जीएसटी 1,800. म्हणजे 900 दिल्लीला, 900 मुंबईला. माझ्या पगारातून आयकरावर चार टक्के आरोग्य-शिक्षण उपकर कापून दिल्लीला जातो, तिथून दिल्लीचे साठ, मुंबईचे चाळीस अशा वाटणीत मुंबईचा हिस्सा घेऊन शाळेत येतो आणि दुकानाच्या गल्ल्यावरून लगेच माघारी. माहेरी आलेली लेक पाणी पिऊन उलट्या पावली निघावी, तसं. किमान दहा टक्के स्वच्छतेवर हवेत म्हणून फिनेल, झाडू, बादल्या आणि अर्थातच ती कडी.

आता सही. सरकारी पोर्टलवरून काढलेल्या, बँकेला द्यायच्या कागदावर माझ्यासोबत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही लागते. अध्यक्ष कांदा काढत होते.

"गुरुजी, वर्षभर काय झोपला होता का?"

"अध्यक्ष, मी नाही. पैसे झोपले होते."

त्यांनी धोतराला हात पुसून सही केली. कागदावर मातीचा अंगठा उमटला तो वेगळाच. शनिवारी बँकेत रांग दारापर्यंत. आतल्या साहेबांनी कागद नाकाजवळ नेला. "याला कांद्याचा वास का येतोय?" मी म्हटलं, "अध्यक्षांचा आहे, साहेब." दुपारी तीनला शिक्का बसला. त्या शिक्क्याचा आवाज मला शाळेच्या घंटेपेक्षा गोड लागला.

तीन एप्रिलला वरच्या कार्यालयातून फोन आला.

"सर, तुमचा खर्च 24,963 दिसतोय. 37 रुपये का राहिले?"

"साहेब, बादलीवर दुकानदाराने सूट दिली."

"मग परत भरा."

"खात्यात कधी आलेच नाहीत, तर भरू कुठून?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "लेखी खुलासा द्या."

दिला. 'सदर 37 रुपयांची बचत अनवधानाने झाली असून दिलगीर आहे. पुढील वर्षी अशी काटकसर होणार नाही, याची दक्षता घेतली जाईल.'