कापसाचा पैसा आणि बायोटेकचा शेअर

‘बायोटेकचा शेअर घ्या अन् दहा वर्षं विसरा’ हा एका लेखात वाचलेला सल्ला मला धोक्याचा वाटतो. बायोटेक म्हणजे इथं नवी औषधं शोधणाऱ्या कंपन्या. माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात गेलेल्या औषधांपैकी साधारण १० टक्केच मंजुरीपर्यंत पोहोचतात. कंपनी एकाच औषधावर उभी असेल आणि चाचणीच्या तिसऱ्या, म्हणजे मंजुरीआधीच्या मोठ्या टप्प्याचा निकाल वाईट आला, तर भाव एका दिवसात निम्म्याखाली जाऊ शकतो. स्टॉपलॉस, म्हणजे ठरवलेल्या भावाला आपोआप विकायची सूचना, तीही वाचवत नाही; दुसऱ्या दिवशी शेअरचा भाव उघडतोच त्याच्या खाली. रोजच्या ट्रेडिंगचंही मी सांगणार नाही. त्यात करही जास्त जातो: वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर, नंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के.

आमच्या यवतमाळकडचे पोट्टे कापसाचा पैसा यात घालतात, त्याची फार काळजी वाटते. बाबांनो, जूनच्या बियाण्या-खताचे पैसे आधी बाजूला ठेवा. भाव वाढलाच, तर चाचणीच्या निकालाआधी मुद्दल काढून घ्या, बाकीचे शेअर राहू द्या.