विषबाधा केंद्राला इमारत नको, पगार द्या

पुण्यातल्या धायरीत आमचं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरवर चिठ्ठ्या येतात तसे प्रश्नही येतात, आणि त्यातले काही ऐकताना पोटात गोळा येतो. "डासांच्या मशीनमधलं लिक्विड पोराच्या तोंडात गेलंय, काय देऊ?" "देव्हाऱ्यातला कापूर खाल्लाय, थोडासाच." "नव्या बुटांच्या खोक्यातली ती पांढऱ्या दाण्यांची पुडी फोडून खाल्ली हो." विचारणारी आई नाहीतर आजी धापा टाकत आलेली असते, आणि घरी कुणीतरी तोवर मिठाचं पाणी कालवायला घेतलेलं असतं.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांपासून फार लांबची आहेत. खोक्यातली पुडी म्हणजे सिलिका जेल. ते विषारी नाही, घशात काही अडकलं नाही ना एवढंच बघायचं. कापराने लहान मुलाला बघता बघता झटके येऊ शकतात, तिथे विचार करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि त्या लिक्विडमध्ये रॉकेलच्या जातीचं द्रावण असतं. ते पोटात गेलं त्यापेक्षा उलटीबरोबर फुप्फुसात उतरलं तर जास्त घात करतं, म्हणून उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी तर कुणालाच, कधीच पाजू नका. रक्तातलं सोडियम वाढून चांगलं मूल गंभीर होऊ शकतं.

"उंदराचं औषध" हा शब्द घ्या. आपल्याकडे त्या नावाखाली वडी मिळते, पेस्ट मिळते, काळी पावडरही मिळते, आणि ही तीन वेगवेगळी रसायनं आहेत. रांगत्या बाळाने वडी जराशी कुरतडली तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. पेस्ट चाटली असेल तर मूल पहिले एक-दोन दिवस हसतं-खेळतं आणि मग यकृतावर परिणाम दिसायला लागतो. "आता बरंय ना, मग काय" म्हणून घरी थांबलेले लोक तिथेच फसतात. हा फरक रात्री दोन वाजता कोण सांगणार? मी फार्मसी शिकलोय, विषशास्त्र नाही. आणि रात्री दहाला माझं शटर खाली येतं.

यासाठीच जगभर विषबाधा माहिती केंद्रं असतात. फोन करायचा, काय पोटात गेलं, किती, वय आणि वजन काय ते सांगायचं. पलीकडचा प्रशिक्षित माणूस सांगतो की घरी थांबा नाहीतर आत्ता निघा. डॉक्टरही तिथे फोन करून उताऱ्याचा डोस विचारतात. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये असं राष्ट्रीय केंद्र १९९५ पासून आहे. टोल-फ्री नंबर १८०० ११६ ११७. वाचणं थांबवून तो आधी मोबाइलमध्ये सेव्ह करा, मग पुढे वाचा.

मग पुण्याला वेगळं कशाला, असं विचारतील लोक. मला वाटतं पाहिजेच. एवढ्या मोठ्या देशाला दिल्लीचं एक टेबल पुरत नाही, आणि वेल्ह्याच्या आजीला तिच्या मराठीत सांगता आलं पाहिजे. ती "मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्या पोरांनी" असं म्हणेल, तेव्हा ऐकणाऱ्याला कळायला हवं की ही चंद्रज्योत. शाळेच्या कुंपणाला लावलेल्या याच झाडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन मुलं उलट्या-जुलाबांनी बेजार झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आणखी एक कारण आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. विषबाधा म्हटलं की एमएलसी (पोलिसांना कळवावं लागणारं वैद्यकीय प्रकरण), एमएलसी म्हटलं की पोलीस, या धास्तीने लोक दवाखान्यात जायचं लांबवतात. फोनवर कुणी जबाब घेत नाही, तिथे माणूस खरं बोलतो.

आता पैशाचा मुद्दा. त्याच्यासाठीच तर लिहायला बसलोय.

अमेरिकेत पहिलं केंद्र १९५३ साली शिकागोत सुरू झालं. पुढे कितीतरी केंद्रं निघाली, पण बरीचशी कुठल्यातरी हॉस्पिटलच्या किंवा राज्याच्या मर्जीवर चालायची. २००० साली तिथल्या संसदेने खास कायदा केला. केंद्रांना संघराज्य सरकारकडून अनुदान आणि देशभर एकच नंबर. आज तिथे पन्नासच्या वर केंद्रं आहेत. सगळा खर्च वॉशिंग्टन देत नाही, राज्यं आणि रुग्णालयंही वाटा उचलतात. पण कायद्यात जागा असल्यामुळे दरवर्षी शून्यापासून भीक मागावी लागत नाही. तिथे येणाऱ्या फोनांपैकी निम्म्याहून बरेच जास्त लोक घरच्या घरी निभावतात, दवाखान्याची पायरी चढावीच लागत नाही.

लुइझियाना राज्याने १९८८ मध्ये उलटा प्रयोग केला. पैसे वाचवायचे म्हणून अनुदान थांबवलं, केंद्र बंद पडलं. घाबरलेले लोक सरळ इमर्जन्सीत जायला लागले. अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा या विनाकारण उपचारांचा खर्च वाचवलेल्या अनुदानापेक्षा कितीतरी जास्त निघाला. आमच्या लोकप्रतिनिधींनी हा हिशेब एकदा शांतपणे बघावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

आपल्याकडे निधी म्हटलं की इमारत, मशीन, कोनशिला. डीपीडीसीतून (जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून) बांधकाम होईल, सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक निधीतून) तीन वर्षांचा प्रकल्प होईल, चौथ्या वर्षी फोन उचलायला माणूस नसेल. या केंद्राला लागतं काय? एक खोली, दोन फोन, अद्ययावत माहितीसाठा आणि माणसं. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतो, म्हणजे एकच फोन चोवीस तास जागा ठेवायला साडेतीन माणसं, सुट्ट्या-आजारपण धरून पाच. दोन फोनना दहा. वर एक-दोन विषतज्ज्ञ. शहराच्या एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे ही रक्कम दिसणारसुद्धा नाही. पण ती दरवर्षी, न चुकता यायला हवी. राज्याच्या अर्थसंकल्पात तिला स्वतःचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं हवं. कंत्राटी, मानधनावरची, अकरा महिन्यांची माणसं या कामाला चालणार नाहीत, कारण हे ज्ञान हजारो फोन घेऊन अंगात मुरतं.

जागेचा प्रश्नच नाही. एम्सचं केंद्र औषधशास्त्र विभागातच आहे, आणि ससूनला जोडलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र, बालरोग, न्यायवैद्यक सगळे विभाग आहेत. १०८ रुग्णवाहिकांचं राज्याचं नियंत्रण केंद्रही पुण्यातच. दोन्ही फोन एकमेकांना जोडले तर घरी थांबायचं की गाडी पाठवायची हे एकाच कॉलमध्ये ठरेल. घोणस, फुरसे, मण्यार चावल्यावर सर्पविषावरची लस कुठल्या ग्रामीण रुग्णालयात शिल्लक आहे, हेही तिथूनच कळेल. ही लस बनवणारा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावला आहे. तरी ती कुठे मिळेल हे विचारत माणूस रात्री गाव-गाव फिरतो.

आणि केंद्र नुसतं उत्तरं देत नाही, नोंदीही ठेवतं. २०१७ मध्ये यवतमाळला कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजूर आजारी पडले, वीसच्या आसपास माणसं गेली. रुग्ण आठवडेच्या आठवडे दाखल होत होते, गवगवा झाला तोवर उशीर झाला होता. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंड निकामी होऊन दगावली, त्यातली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. औषध विकणारा माणूस म्हणून ती बातमी वाचताना माझे हात कापत होते. वेगवेगळ्या डॉक्टरांचे फोन एकाच टेबलावर आले असते तर दुवा लवकर लागण्याची शक्यता नक्कीच जास्त होती. आज आपली विषाची तपासणी गणेशखिंडीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने) जातो तेव्हा होते. तो अहवाल कोर्टाच्या कामाचा. खाटेवरच्या जिवंत रुग्णाला त्याचा काय उपयोग?

इथून पुढे माझी मागणी सरळ आहे. पुण्यात मराठीतून चोवीस तास चालणारं विषबाधा माहिती केंद्र, कायम पदं, आणि मार्चच्या अर्थसंकल्पात त्याचं लेखाशीर्ष. आमच्या भागातल्या केमिस्ट मित्रांशी बोललोय, सह्यांचं निवेदन तयार करतोय. आमदारांना भेटायला जाऊ तेव्हा डॉक्टर, परिचारिका, अंगणवाडी ताई, कुणीही बरोबर या. कमेंटमध्ये फक्त आपला भाग लिहा, वेळ आणि ठिकाण मी कळवतो.