बारा शून्यं

परवा रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. पाण्याचे टँकर, लिफ्टचं एएमसी, पार्किंगमधली कुत्री, सगळं नेहमीप्रमाणे भांडून झालं आणि शेवटी 'ऐनवेळचे विषय' आले. सेक्रेटरीसाहेबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. ठराव असा, की साथ आली तर परदेशी भाडेकरूंनी 48 तासांत फ्लॅट रिकामा करायचा आणि तशी अट लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच घालायची.

खारघरमध्ये राहणाऱ्यांना यामागचं कारण वेगळं सांगायला नको. नवी मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलांत केनिया, टांझानिया, ओमान, येमेनहून पेशंट येतात. नातेवाईक दोन-तीन महिने आसपास भाड्याने राहतात. आमच्या बिल्डिंगमध्ये असे तीन फ्लॅट आहेत. भाडं इतरांपेक्षा चार-पाच हजारांनी जास्त घेतलं जातं, ते कुणालाही खटकत नाही. टीव्हीवर आफ्रिकेतल्या साथीची बातमी आली की मात्र लिफ्टमध्ये रुमाल नाकाला जातो.

मी सभेत काही बोलले नाही. गुडघे दुखत होते, वडापाव आले होते आणि सगळ्यांना घरी जायची घाई होती. ठराव पुढच्या सभेवर गेला. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

मी नर्स होते. सिस्टर. आता रिटायर. 2020 साली मी नवी मुंबईतल्या एका तात्पुरत्या कोविड केंद्रावर ड्युटी केली. कुठल्या ते लिहीत नाही, तिथल्या माणसांनी जीव तोडून काम केलंय. पण एक गोष्ट तिथे चुकली होती आणि ती माझ्या डोळ्यांसमोर घडली.

जूनमधली दुपार, बाहेर धो धो पाऊस. तिशीतला एक केनियन मुलगा रिक्षाने आला. बहिणीच्या ऑपरेशनसाठी तिच्यासोबत इकडे आला होता. मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि दोघं इथेच अडकली. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 86, म्हणजे ऑक्सिजन फारच कमी. नोंदणीच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, "आधार नंबर काय?" त्याच्याकडे होता पासपोर्ट. सॉफ्टवेअरमध्ये आधारचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडेना. पोराने वर फोन लावला, वरच्यांनी आणखी वर लावला. तो मुलगा पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर पावणेदोन तास बसून होता, गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून. ज्यांनी दम लागलेला पेशंट पाहिलाय त्यांना ते बसणं माहीत असेल. शेवटी मी त्या पोराला म्हटलं, बारा शून्यं टाक. त्याने टाकली. सॉफ्टवेअरने घेतली की हो!

रात्री माझीच ड्युटी होती. तीनच्या सुमाराला तो मास्क बाजूला करून म्हणायला लागला, "माजी... माजी..." मला वाटलं, हिंदीतलं 'माँजी', मला आई म्हणतोय. पीपीईच्या आत मला भरून आलं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, "हां बेटा, मैं इधरही हूँ." तो मान हलवतोय, पुन्हा माजी. मी पुन्हा हात फिरवतेय. हे पंधरा मिनिटं चाललं. मग आमच्या वॉर्डातले मामा बाटली घेऊन शेजारच्या पेशंटकडे निघाले होते, तर त्याने झडप घालून ती बाटलीच ओढली. सकाळी त्याने मोबाइलवर दाखवलं, स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी. तहानलेल्या माणसाला मी पाव तास माया देत बसले होते! नंतर हसायचो आम्ही दोघं. त्यांच्याकडे औषधालाही 'दवा'च म्हणतात, हेही त्यानेच शिकवलं. अकराव्या दिवशी चालत बाहेर गेला.

आता मुद्द्यावर येते. तो 86 वाला मुलगा परत गेला असता तर कुठे गेला असता? विमान नव्हतंच. गेला असता भाड्याच्या खोलीवर, जाताना रिक्षावाला, वॉचमन, दूधवाला, सगळ्यांना प्रसाद देत. हाकललेला पेशंट देशाबाहेर जात नाही, तो नजरेआड जातो. सेक्रेटरीसाहेबांच्या 48 तासांचं नेमकं हेच होणार. भाडेकरूला ताप आला तरी तो सांगणार नाही, कारण सांगितलं की बिऱ्हाड रस्त्यावर.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण नायजेरियाचं आहे आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. 20 जुलै 2014. लायबेरियाहून आलेला पॅट्रिक सॉयर हा माणूस लागोसच्या विमानतळावर कोसळला. सरकारी डॉक्टरांचा संप चालू होता म्हणून त्याला खासगी रुग्णालयात नेलं. आधी वाटलं मलेरिया. दुसऱ्या दिवशी डॉ. अमेयो स्टेला अडाडेवो राउंडला आल्या आणि त्यांना शंका आली. इबोलाच्या, म्हणजे पेशंटच्या रक्त-उलटीच्या स्पर्शातून पसरणाऱ्या त्या जीवघेण्या तापाच्या पेशंटशी संबंध आला होता का, तर तो नाही म्हणाला. बाईंनी ऐकलं नाही, रक्त तपासायला पाठवलं. लायबेरियाच्या अधिकाऱ्यांचा दबाव आला, आमचा माणूस आहे, परिषदेला जायचंय, सोडा. त्यांनी सोडलं नाही. परदेशी पेशंट, परदेशी सरकार, हातात रिपोर्ट नाही, आणि त्या दारात उभ्या राहिल्या. 25 जुलैला तो गेला. 19 ऑगस्टला डॉ. अडाडेवो स्वतः इबोलाने गेल्या.

पुढे पोलिओ मोहिमेची यंत्रणा कामाला लावली. आपल्याकडे पोलिओ रविवारी घरांच्या दारांवर खडूने खुणा करत फिरलेल्या कुणालाही हे काम कळेल. जवळजवळ 900 संपर्क शोधले, रोज दारात जाऊन ताप बघितला, अशा साडेअठरा हजारांच्या आसपास भेटी. संपूर्ण नायजेरियात रुग्ण 20, मृत्यू 8. 20 ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. लागोस आपल्या मुंबईसारखंच खचाखच भरलेलं शहर आहे. 'परदेशी आहे, जाऊ दे त्याच्या देशात' म्हणून त्या बाईंनी सुटका करून घेतली असती तर काय झालं असतं, ते मला विचारवत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत डॅलसमध्ये उलटं घडलं. लायबेरियाहून आलेले थॉमस डंकन ताप घेऊन इमर्जन्सीत गेले, त्यांना अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं. दोन-तीन दिवसांनी अँब्युलन्सने परत आले आणि 8 ऑक्टोबरला वारले. ते ज्यांच्या घरात राहिले त्यांच्यापैकी कुणालाच लागण झाली नाही. लागण झाली ती दोन नर्सेसना. दोघी वाचल्या.

इथे थांबते जरा, कारण हे माझ्या जातीचं आहे. नर्सच्या जातीचं म्हणतेय. परदेशी पेशंट घ्यायचे की नाही यावर टीव्हीवर मंत्री बोलतात, वकील बोलतात, निवृत्त जनरलही बोलतात. त्या पेशंटची उलटी कोण पुसणार आहे, तिला कुणी विचारत नाही. स्पेनने 2014 मध्ये आपले दोन मिशनरी धर्मगुरू आफ्रिकेतून उपचारासाठी मायदेशी आणले. दोघंही गेले आणि शुश्रूषा करणाऱ्या सहायक नर्सला लागण झाली. ते धर्मगुरू स्पेनचेच नागरिक होते, परदेशी नव्हे. उलट जर्मनीने हॅम्बुर्ग, फ्रँकफर्ट आणि लाइपझिग इथे तीन परदेशी इबोला रुग्ण घेतले. त्यातले दोन बरे झाले, एक गेला, पण एकाही कर्मचाऱ्याला लागण झाली नाही. म्हणजे धोका पासपोर्टच्या रंगात नसतो. वॉर्ड कसा बांधलाय, किट अंगावरून उतरवताना समोर बघणारी दुसरी व्यक्ती उभी आहे का, यात असतो.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मग जगभरातून विमानं भरून आणू का पेशंट? नाही. इथे माझं मत सेक्रेटरीसाहेबांच्या जवळ जाईल, चालेल मला. जो आपल्या हद्दीत आहे, त्याच्याबद्दल चर्चाच नको. व्हिसा संपलेला असो नाहीतर पैसे नसोत, आधी खाट. जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमही खर्चाबद्दल सांगतात, साथ रोखायला प्रवाशाला विलगीकरणात ठेवलं तर त्याचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा नाही. पण बाहेरून आणायचा असेल तर खाटा आणि माणसं मोजूनच. एप्रिल 2021 मध्ये माझ्या चुलतदिराला घेऊन आम्ही वाशी ते पनवेल पाच ठिकाणी फिरलो होतो. त्या दिवशी कुणी परदेशातून पेशंट आणायची गोष्ट काढली असती तर मीच अंगावर धावून गेले असते. जर्मनीने मार्च 2020 मध्ये इटलीच्या बेर्गामोहून लष्करी विमानाने पेशंट नेले, कारण तेव्हा त्यांच्याकडे आयसीयूत जागा होती. जागा आहे आणि तरी नाही म्हणायचं, ते मला पटत नाही.

आणि मोजताना हेही मोजा. सिएरा लिओनच्या डॉ. ऑलिव्हेट बक पेशंट तपासता तपासता इबोलाने आजारी पडल्या. हॅम्बुर्गचं रुग्णालय त्यांना घ्यायला तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना तिकडे न्यायला नकार दिला आणि सप्टेंबर 2014 मध्ये त्या गेल्या. बाहेरून मदतीला आलेल्यांसाठी विमानं होती, तिथल्याच डॉक्टरसाठी नव्हतं. हे मला आजही गिळता येत नाही.

'आधी आपले' म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, आपले म्हणजे कोण? माझे मिस्टर माथाडी, वाशी मार्केटला उभा जन्म पोती उचलली. गाव पाटण तालुक्यात. मे 2020 मध्ये सासूबाई गेल्या तेव्हा गावच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि पाटी होती, मुंबईवाल्यांना बंदी. ज्या मारुतीच्या देवळाला ह्यांनी दरवर्षी वर्गणी दिली त्याच्या पारावरची माणसं लांबूनच हात करून 'मागे फिरा' म्हणत होती. ट्रम्प अध्यक्ष होण्याआधी, 2014 मध्ये, ट्विटरवर लिहीत होते की इबोलाच्या रुग्णांना अमेरिकेत येऊ देऊ नका, आणि तेव्हा येत होते ते त्यांचेच अमेरिकन डॉक्टर आणि मदतनीस. भीती परदेशी माणसापासून सुरू होते खरी, पण तिथे थांबत नाही.

आणि आपली पोरं? नेरुळ-बेलापूरला जहाजावरच्या नोकरीची ऑफिसं गल्लोगल्ली आहेत. फेब्रुवारी 2020 मध्ये जपानमधल्या योकोहामाच्या बंदरात डायमंड प्रिन्सेस हे प्रवासी जहाज अडकलं होतं. 3,711 माणसं, 700हून जास्त बाधित. जहाजावर 138 भारतीय होते, त्यातले 132 नोकरीवर. प्रवासी खोल्यांत बंद आणि ही पोरं दारोदार जेवणाचे ट्रे पोचवत होती. लागण झालेल्या भारतीयांवर जपानच्या रुग्णालयांत उपचार झाले. त्याच महिन्यात आपल्या हवाई दलाच्या विमानाने वुहानहून 76 भारतीय आणले, सोबत 36 परदेशी नागरिकही. तेव्हा कुणी विमानातून उतरवलं नाही कुणाला.

वाशीच्या लोकांना आठवत असेल, मार्च 2020 मध्ये फिलिपिन्सहून आलेल्या पाहुण्यांना कोरोना निघाला होता. त्यातले एक 68 वर्षांचे गृहस्थ मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात उपचार घेऊन निगेटिव्ह झाले आणि नंतर खासगी रुग्णालयात वारले. मुंबईने त्यांच्यासाठी जे करायचं ते केलं. आमच्या कॉलनीत तेव्हा बोलणं काय चाललं होतं ते मी लिहिणार नाही. मीही त्यात होते.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर सध्या एक टांझानियन बाई राहतात, नवऱ्याचं किडनीचं चाललंय. सभेच्या दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटल्या. टँकर न आल्याने हातात दोन रिकाम्या कॅन. मी म्हटलं, "माजी?" त्या आधी दचकल्या आणि मग इतक्या मोठ्याने हसल्या की वॉचमन बघायला आला. आमच्याकडे ड्रम भरलेला होता, दोन्ही कॅन भरून दिल्या.

ठराव पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी पुन्हा येणार आहे. सभा सकाळी 11 वाजता, म्हणजे साडेअकरा. या वेळी वडापावच्या आधी मला बोलू द्या, एवढंच सेक्रेटरीसाहेबांना सांगून ठेवलंय. आमच्या बिल्डिंगमधलं कुणी हे वाचत असेल तर लाइक नका करू, सभेला या.